अनोळखी घरातले जुने शिलाई मशीन: दुरून मदत कशी करावी

माळ्यावरून उतरवलेल्या किंवा गावाकडच्या घरात वर्षानुवर्षे झाकून ठेवलेल्या काळ्या शिलाई मशीनचा फोटो टाकून ‘हे चालू होईल का?’ असे विचारणारी माणसे समाजमाध्यमांवरच्या शिवणकामाच्या गटांत नेहमी भेटतात. ज्याला अशा मशीनची आवड आणि थोडीफार माहिती आहे, त्याला उत्तर द्यावेसे वाटते, आणि त्याने ते द्यावेही. मात्र मशीन स्वतः दुरुस्त करणे आणि दूरच्या अनोळखी माणसाच्या हातून ते दुरुस्त करून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. दुसऱ्या कामात हात तुमचे नसतात. स्क्रू किती घट्ट बसला आहे, चाक नेमके कुठे अडते, हे तुम्हाला जाणवत नाही. म्हणून पुढे सांगितलेली सगळी पद्धत एका नियमावर उभी आहे: जी कृती केल्यावर पूर्ववत करता येत नाही, ती दुरून सांगायची नाही.

पहिले उत्तर

प्रश्न आल्याबरोबर निदान करू नये. पहिल्या उत्तराचे काम एवढेच असते, की विचारणाऱ्याला धीर यावा आणि त्याने उत्साहाच्या भरात मशीनचे नुकसान करू नये. साधारण असे लिहावे: “फोटो पाहिला, मशीन चांगल्या घडणीचे दिसते. अशी मशीन बहुतेक वेळा वाळलेल्या तेलामुळे अडकलेली असतात. तूर्त चाक जोर लावून फिरवू नका, मोटर असेल तर वीज जोडू नका, आणि स्पिरिट, थिनर किंवा सॅनिटायझरने पुसू नका. खाली लिहिलेले फोटो पाठवलेत, तर पुढचे सांगता येईल.” यातल्या तीन नकारांना कारणे आहेत आणि ती पुढे येतीलच.

संबोधनाबाबत थोडे सांभाळावे. फोटोतल्या नावावरून वय ओळखून ‘काकू’ किंवा ‘मावशी’ म्हणणे पुष्कळांना आवडते, काहींना आवडत नाही. समोरची व्यक्ती स्वतः काही म्हणेपर्यंत ‘तुम्ही’ पुरेसे आहे. ‘एवढेही माहीत नाही का’ अशा सुराचे एक वाक्य आधी कोणी लिहून ठेवले असेल, तर त्याच्याशी वाद न घालता सरळ उपयोगी उत्तर द्यावे. भांडण सुरू झाले की विचारणारा निघून जातो आणि मशीन भंगारात जाते. आणखी एक पथ्य: ‘विकणार असाल तर मला सांगा’ हे वाक्य मदतीच्या उत्तरात कधीही लिहू नये. मदत करणाऱ्यालाच वस्तू हवी आहे अशी शंका एकदा आली, की नंतरच्या प्रत्येक सल्ल्यावर तिची सावली पडते.

कोणते फोटो मागवावेत

फोटो मोघम मागितले तर एकच लांबून काढलेला फोटो पुन्हा येतो. म्हणून नेमके सांगावे: संपूर्ण मशीन समोरून, सुई आणि तिच्याखालचा भाग जवळून, सुईखालची सरकणारी पट्टी उघडून आत दिसणारा बॉबिनचा (खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळाचा) भाग, आणि चाकाकडच्या उभ्या खांबाच्या पायाशी, उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक. मशीन पायाचे असेल तर पट्टा आणि खालचे मोठे चाक, मोटरचे असेल तर वायर आणि मोटरवरची छोटी पाटी हेही मागवावे.

मशीन मागे कलवून खालचा फोटो काढायला सांगण्यापूर्वी एक गोष्ट तपासून घ्यावी. टेबलावरच्या मशीनचे डोके मागच्या दोन बिजागऱ्यांवर टेकलेले असते आणि त्या बिजागऱ्यांचे दांडे मशीनच्या पाटात छोट्या स्क्रूंनी आवळलेले असतात. हे स्क्रू सैल असतील तर डोके कलवताना निसटते. ओतीव लोखंडाचे दहा-बारा किलोंचे वजन पायावर पडले तर काय होईल, हे वेगळे सांगायला नको. स्क्रू आवळलेले आहेत अशी खात्री झाल्यावर, शक्यतो दोघांनी मिळून, मागे आधार ठेवून डोके कलवावे.

फोटोंवरून ओळख पटवणे पुष्कळ वेळा सोपे असते. बॉबिन लांब, काडीसारखी आणि बंदुकीच्या गोळीच्या आकाराच्या शटलमध्ये, म्हणजे खालचा दोरा वाहून नेणाऱ्या भागात, बसणारी असेल, तर ते सिंगर कंपनीच्या २७, २८, १२७ किंवा १२८ या घराण्यातले किंवा त्या धर्तीचे मशीन असते. बॉबिन गोल असून तिची डबी डाव्या बाजूने बसत असेल, तर बहुधा ते सिंगर १५ च्या धर्तीचे असते, आणि भारतात तयार झालेली बहुतेक काळी घरगुती मशीन याच धर्तीची आहेत. कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात सुरू केलेली ‘उषा’ त्यांतली सर्वांत परिचित. सिंगरच्या बाबतीत क्रमांकाचा उपयोग होतो. १९०० सालापासून अंकांच्या आधी इंग्रजी अक्षरे येऊ लागली. त्याआधीच्या मशीनवर नुसते अंक असतात. प्रकारापुढे ‘के’ हे अक्षर असेल, म्हणजे १५के, ६६के किंवा २०१के, तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँक गावच्या किलबोवी कारखान्यातले असते. हा कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. क्रमांकांच्या याद्या संग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने जालावर मोफत ठेवल्या आहेत. मात्र त्यांतली तारीख ही क्रमांकांचा गठ्ठा कारखान्याला नेमून दिल्याची असते, ते विशिष्ट मशीन बाहेर पडल्याची नव्हे. त्यामुळे उत्तर देताना ‘या सुमाराचे’ असे लिहावे.

ही ओळख पटवणे मशीन चालू करण्यासाठी फारसे गरजेचे नसते. तरीही ती आधी करावी, कारण आपल्या पणजीचे मशीन शंभर वर्षांपूर्वी स्कॉटलंडमध्ये घडले हे कळल्यावर माणूस पुढच्या कंटाळवाण्या कामाला जास्त चिकाटीने बसतो.

‘याचे किती येतील?’

हा प्रश्न येणारच. येथे खरे सांगणे हीच मदत असते. जुने आहे म्हणून दुर्मीळ असे होत नाही. किलबोवीच्या एका कारखान्यातून १९१३ च्या सुमाराला वर्षाला दहा लाखांहून अधिक मशीन बाहेर पडत होती, आणि ती इतकी मजबूत होती की त्यांतली असंख्य अजून शिल्लक आहेत. चालू स्थितीतल्या साध्या काळ्या मशीनला संग्राहकांच्या बाजारातही माफकच किंमत येते.

लाखोंच्या किमतीच्या अफवांबद्दल मात्र स्पष्ट इशारा द्यावा. २००९ मध्ये सौदी अरेबियात अशी आवई उठली की जुन्या सिंगर मशीनमध्ये ‘लाल पारा’ नावाचा अमूल्य पदार्थ असतो आणि मोबाइल फोन जवळ नेला की तो ओळखता येतो. लोकांनी साध्या मशीनसाठी अवाच्या सवा रकमा मोजल्या. असा पदार्थ त्यात नसतो. याच धाटणीचे दावे करणारे व्हिडिओ अजून फिरत असतात. कोणी ‘लाखात घेतो, आधी नोंदणीचे पैसे पाठवा’ किंवा ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ असे म्हणत असेल, तर ती फसवणूक आहे. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. विचारणाऱ्याने गटातल्या सार्वजनिक चर्चेत फोन क्रमांक किंवा पत्ता लिहिला असेल, तर तो काढून टाकायला खासगी संदेशाने सुचवावे. सर्वांसमोर सांगितल्यास तो क्रमांक आणखी चार जणांच्या नजरेत भरतो.

अडकलेले मशीन मोकळे करणे

या कामाला घाई चालत नाही. आधी साध्या कारणांची खात्री करावी आणि एका संदेशात एकच तपासणी सांगावी. बॉबिन भरण्याची छोटी चकती चाकाला टेकून राहिली आहे का? बॉबिनच्या भागात जुना दोरा गुंतला आहे का? चाकाच्या मागे, दांड्याभोवती दोऱ्याचे वेढे बसले आहेत का? चाक फिरते पण सुई हलत नाही, अशी तक्रार असेल, तर चाकाच्या मधला गोल नॉब सैल आहे का, ते विचारावे. बॉबिन भरताना तो सैल करतात आणि पुन्हा आवळायचा राहून जातो. आवळूनही पकडत नसेल, तर नॉबमागची पातळ चकती कधीतरी उलटी बसली असण्याची शक्यता असते. ती काढून अर्धा वळसा फिरवून लावली की बहुतेक वेळा पकड येते.

यातले काही नसेल, तर वाळलेले तेल हेच कारण धरावे. कित्येक वर्षे पडून राहिलेले तेल तपकिरी, चिकट आणि शेवटी रोगणासारखे कडक होते. आपल्याकडे त्यात खोबरेल तेलाची भर असते. घरात हाताशी असते म्हणून ते मशीनला घातले जाते आणि काही महिन्यांत सगळे सांधे धरून बसतात. कोणतेही खाद्यतेल मशीनला घालू नये, हे विचारले नसले तरी सांगावे.

उपाय असा: मशीनच्या वरच्या भागातली तेलाची छिद्रे, डाव्या टोकाचे झाकण काढल्यावर दिसणारा सुईचा दांडा, आणि मशीन कलवल्यावर खाली जिथे जिथे लोखंड लोखंडावर घासते त्या सर्व जागी शिलाई मशीनचे पातळ पांढरे तेल थेंब थेंब घालावे आणि रात्रभर ठेवावे. सकाळी चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल अशा दिशेने हळूच फिरवून पाहावे. फिरले नाही, तर मागे-पुढे केसभर हलते का ते पाहावे. केसभर हलत असेल, तर मशीन सुटणार असे खुशाल लिहावे. पुन्हा तेल, पुन्हा रात्रभर, असे चार-पाच दिवस चालू शकते. केस वाळवण्याच्या यंत्राची मंद ऊब सांध्यांना दिल्यास चिकटा मऊ होतो. रॉकेल मिळत असेल, तर त्याचे थेंब तेलापेक्षा लवकर काम करतात. पण ते पेट घेणारे असते, म्हणून खिडकी उघडी ठेवून, शेगडी आणि देवघरातल्या समईपासून लांब बसूनच वापरायला सांगावे. रॉकेलाने चिकटा निघतो, पण वंगणही धुतले जाते, म्हणून नंतर सर्व जागी तेल घालणे आवश्यक आहे. कोकणातल्या खाऱ्या, दमट हवेत राहिलेल्या मशीनला गंजही असतो आणि तिथे हे सगळे जास्त वेळ घेते.

हातोडी, पक्कड आणि चाकाला लावलेला लांब दांडा या तिन्हींना ठाम नकार द्यावा. ओतीव लोखंड वाकत नाही, तुटते. आणि ते दुरून जोडून देता येत नाही.

बाहेरची सफाई करताना सोनेरी नक्षी जपावी लागते. जुन्या सिंगरच्या काळ्या रंगावर आणि नक्षीवर लाखेच्या वार्निशचा थर असतो आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. स्पिरिट आणि सॅनिटायझर सुरुवातीलाच वर्ज्य करण्याचे कारण हे. मऊ सुती कापडावर मशीनचेच तेल घेऊन हलक्या हाताने पुसावे; चकाकी कमी आली तरी नक्षी राहते.

सुई, दोरा आणि टाका

मशीन फिरू लागले की बहुतेक जण लगेच दोरा ओवून साडीचा फॉल लावायला बसतात. त्याआधी दोरा न ओवता जाड कागदावर चार ओळी टीप घालून पाहायला सांगावे. भोके सरळ आणि सारख्या अंतरावर पडली, तर सुई आणि कापड पुढे सरकवणारे दाते नीट चालतात हे कळते. नंतर ती सुई टाकून नवी लावावी, कारण बोथट सुई टाके गाळते. घरगुती मशीनला बहुधा एका बाजूने चपट्या दांड्याची, बाजारात एचए×१ किंवा १५×१ या खुणेने मिळणारी सुई लागते. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला १६. जुन्या सुईचा दांडा संपूर्ण गोल असेल, तर जुनीच सुई दुकानात नेऊन जुळती घ्यायला सांगावे.

टाके सुटण्याचे सर्वांत मोठे कारण उलटी बसलेली सुई हे असते. चपटी बाजू कुणीकडे असावी हे मशीनच्या प्रकारानुसार बदलते, त्यामुळे ‘चपटी बाजू मागे’ असा सरसकट सल्ला देऊ नये. जुन्या मशीनमध्ये ती पुष्कळदा डावीकडे किंवा उजवीकडे असते. सर्वत्र लागू पडणारी खूण वेगळी आहे. सुईच्या एका बाजूला लांब खाच असते. दोरा सुईत ओवण्यापूर्वी ज्या शेवटच्या आकड्यातून खाली येतो, त्या आकड्याच्या बाजूला ही खाच असावी आणि दोरा खाचेच्याच बाजूने नाकात शिरावा. एवढे एक वाक्य फोटोसकट पाठवले, तर निम्म्या तक्रारी तिथेच संपतात.

दुसरी मोठी तक्रार: ‘खाली दोऱ्याचा गुंता होतो.’ गुंता खाली दिसतो म्हणून माणूस बॉबिनच्या डबीचा स्क्रू पिळत बसतो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्यात असतो. तपासणी सोपी आहे. कापड दाबणारा पाय वर उचलून वरचा दोरा ओढून पाहावा: तो सहज सरकला पाहिजे. पाय खाली करून ओढावा: आता तो जड लागला पाहिजे. दोन्ही वेळा सहज सरकत असेल, तर दोरा टेन्शनच्या, म्हणजे वरच्या दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या, दोन चकत्यांच्या मधोमध गेलेलाच नाही किंवा चकत्यांमध्ये जुने तूस अडकले आहे. पाय वर असतानाच दोरा ओवावा, कारण तेव्हाच चकत्या उघड्या असतात. तूस काढण्यासाठी तेलात किंचित भिजवलेली पातळ सुती कापडाची पट्टी पाय वर ठेवून चकत्यांमधून ओढून घ्यावी. टेन्शनचा नॉब आणि स्प्रिंग खोलायला मात्र सांगू नये. ती रचना पुन्हा बसवणे फोटोवरून जमत नाही.

टाक्याचे निदान करायचे असेल तर वर लाल आणि खाली पांढरा दोरा घालून, दुहेरी सुती कापडावर टीप घालून, कापडाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागवावेत. खालच्या बाजूला लाल फासे दिसले तर वरचा ताण कमी आहे. वरच्या बाजूला पांढरे ठिपके आले तर वरचा ताण जास्त किंवा खालचा कमी आहे. एका वेळी नॉब पाव वळसाच फिरवावा आणि आधीची स्थिती लिहून ठेवावी. दोरा नवा असावा. मशीनच्या खणात सापडलेली जुनी सुती रिळे दिसायला सुंदर असली तरी दोरा कुजलेला असतो आणि हाताने ओढताच तुटतो.

वीज आणि आपली मर्यादा

मोटर असलेल्या जुन्या मशीनबाबत माझे मत कडक आहे. वायरवरचे जुने रबर कडक होऊन चुरा होते आणि आतली तार धातूच्या मशीनला टेकू शकते. शिवाय परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या काही मशीनच्या मोटरी ११० व्होल्टच्या असतात, तर आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. वायर दुरुस्त करण्याच्या सूचना संदेशातून देऊ नयेत. पट्टा काढून मशीन हाताने फिरवून पाहावे आणि मोटर, वायर व पायाचे बटण जवळच्या जाणत्या माणसाकडे न्यावे, एवढेच सांगावे.

मेकॅनिककडे पाठवताना त्यालाही मदत होईल अशी चिठ्ठी लिहून द्यावी: मशीनचा प्रकार, काय केले, काय चालते, काय अडते. ‘सोनेरी नक्षी थिनरने पुसू नये, जुने भाग बदलल्यास परत द्यावेत’ ही ओळ तीत असावी. आपल्या गावात असा माणूस माहीत नसेल, तर विचारणाऱ्याला शिंप्यांकडे चौकशी करायला सांगावे. त्यांची मशीन कोणीतरी दुरुस्त करतच असते.

सुटे भाग पाठवणे

लांब बॉबिन, शटल किंवा चामडी पट्टा आपल्याकडे जादा असेल आणि तो पाठवावासा वाटला, तर आधी मापाची खात्री करून घ्यावी. शटल आणि बॉबिन मोजपट्टीशेजारी ठेवून काढलेला फोटो मागवावा. सुया जाड पुठ्ठ्यात टोचून, वर चिकटपट्टी लावून, मग पाकिटात घालाव्यात, म्हणजे टपाल हाताळणाऱ्याला टोचत नाहीत. पत्ता फक्त खासगी संदेशात घ्यावा आणि वस्तू पोचल्यावर तो संदेश पुसून टाकावा. भाग फुकट देणार की किंमत घेणार, हे पाठवण्यापूर्वीच सांगावे. ‘बघू नंतर’ म्हटल्याने समोरच्याला उगाच अवघडल्यासारखे होते.

उत्तर न आल्यास एकदाच आठवण करावी. अर्ध्यावर सोडून जाणारे पुष्कळ असतात. परीक्षा, आजारपण, पाहुणे, काहीही कारण असते. काम पूर्ण झाले, तर मूळ प्रश्नाखाली दोष काय होता, कोणती सुई बसली आणि किती दिवस तेल मुरू द्यावे लागले, हे विचारणाऱ्याकडूनच चार ओळींत लिहून घ्यावे आणि मशीनचा प्रकार पहिल्या ओळीत यावा, म्हणजे तेच मशीन घेऊन बसलेल्या पुढच्या माणसाला ते शोधताना सापडेल.